गोल पानांचा पिलिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, बहुतेक वेळा कोमेजलेल्या झाडाच्या फोटोसकट. उत्तरं तुटक वाचली तरी चालतील. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पिलिया म्हणजे मनी प्लांटच ना? मग तो वेलासारखा का चढत नाही?

कारण तो वेल नाहीच. ‘मनी प्लांट’ हे नाव दोन-चार वेगवेगळ्या झाडांना चिकटलं आहे. हृदयाच्या आकाराच्या पानांचा, मॉसस्टिकवर (शेवाळ गुंडाळलेल्या काठीवर) चढणारा मनी प्लांट म्हणजे पोथॉस. तो अळूच्या कुळातला. नाण्यासारख्या गोल पानांचा, एका उभ्या खोडावर वाढणारा हा ‘चायनीज मनी प्लांट’ म्हणजे पिलिया पेपेरोमिऑइड्स. अंगाला लागली की आग करणाऱ्या नेटलचं आणि याचं कुळ एकच, पण पिलियाला ते दाहक केस नसतात. पोथॉसच्या काळजीच्या सूचना पिलियाला लावू नका. पोथॉस पाण्याच्या बाबतीत बरंच काही सोसतो, पिलिया सोसत नाही.

२. माझ्याकडे आहे तो पिलियाच आहे हे कसं ओळखायचं?

देठ कुठे जोडलाय ते बघा. कमळाच्या पानासारखाच पिलियाचा देठ पानाच्या कडेला न जुळता आतल्या बाजूला, पाठीमागून जुळतो. वरून पाहिलं तर त्या जागी एक फिकट ठिपका दिसतो. रेनड्रॉप पेपेरोमिया अगदी असाच दिसतो, पण त्याच्या पानाला टोक असतं आणि पान जाड असतं. हायड्रोकोटाइलची पानंही गोल असतात, पण त्यांची कड लाटेसारखी असते, झाड जमिनीलगत पसरतं आणि त्याला माती सतत ओली लागते. पिलियाला हायड्रोकोटाइल समजून माती ओली ठेवली तर तो हमखास सडतो.

३. हे झाड मूळचं कुठलं? ‘मिशनरी प्लांट’ का म्हणतात?

नैर्ऋत्य चीनमधल्या युनान आणि सिचुआन प्रांतांतलं. डोंगराळ भागात, सावलीतल्या दमट खडकांवर ते वाढतं. जॉर्ज फॉरेस्ट या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकाने १९०६ आणि १९१० साली युनानमध्ये याचे नमुने गोळा केले आणि १९१२ मध्ये फ्रीड्रिश डील्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं. १९४० च्या दशकात आग्नार एस्पेग्रेन या नॉर्वेच्या मिशनऱ्याने ते चीनमधून मायदेशी नेलं. तिथून ते रोपवाटिकांमधून न पसरता ओळखीपाळखीत, एकमेकांना पिल्लं (झाडाला फुटणारी छोटी रोपं) देत पसरलं. त्यामुळे युरोपातल्या कित्येक खिडक्यांत ते वाढत होतं, पण ते नेमकं कोणतं झाड हे वनस्पतिशास्त्रज्ञांनाही बराच काळ कळत नव्हतं.

हा इतिहास काळजी घेतानाही कामाचा आहे. सावली, थंडावा, खडकावरचा झटपट निचरा आणि उदंड पिल्लं, या झाडाचा सगळा स्वभाव यात आला.

४. ऊन किती लागतं?

भरपूर उजेड, थेट ऊन मात्र फार थोडं. सकाळचं कोवळं ऊन तासभर चालतं. दुपारचं ऊन काचेतून आलं तरी एका दिवसात पानांवर कागदासारखे भुरे चट्टे पाडतं. उजेड मोजायला उपकरण लागत नाही. भर दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वर साधारण ३० सेंमीवर हात धरा. सावलीच्या कडा मऊ पण हाताचा आकार स्पष्ट असेल तर जागा योग्य. कडा सुरीसारख्या धारदार दिसल्या तर ऊन जास्त. सावली जेमतेम दिसली तर जागा अंधारी.

खिडकी नसेल तर पांढरा एलईडी ग्रो लाइट पानांपासून २५–३० सेंमी वर, रोज १२–१४ तास. रात्री तो बंद करा, झाडालाही अंधार हवा असतो.

५. झाड एकाच बाजूला का कलतं?

उजेडाकडे. पिलियाचे देठ फार लवकर वळतात. आठवड्यातून दोनदा कुंडी पाव फेरा फिरवा, नेहमी एकाच दिशेने, म्हणजे गोंधळ होत नाही. देठ लांबुडके होऊन पानं विरळ दिसायला लागली तर फिरवून भागणार नाही, उजेड वाढवावा लागेल.

६. पाणी दर किती दिवसांनी घालायचं?

वारंवारतेत हा प्रश्न पहिला, आणि दिवस ठरवून पाणी घालणं हे पिलिया मरण्याचं पहिलं कारण.

बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे ४–५ सेंमी घाला. वरची २–३ सेंमी माती कोरडी आणि त्याखाली वाफसा (ओलसर पण न चिकटणारी माती) असेल तेव्हा पाणी द्या. खालीही ओल चिकटत असेल तर आणखी दोन दिवस थांबा. पाण्याआधी आणि पाण्यानंतर कुंडी उचलून पाहायची सवय लावली तर महिनाभरात वजनावरूनच कळू लागतं.

द्याल तेव्हा मात्र पोटभर द्या. १२ सेंमी व्यासाच्या कुंडीला साधारण २०० मिली, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. पंधरा-वीस मिनिटांनी बशीतलं पाणी ओतून टाका. रोज दोन चमचे घालण्याची पद्धत सर्वात वाईट: वरचा थर सतत ओला राहतो, खालची मुळं कोरडी पडतात आणि पानं पाहून काहीच अंदाज येत नाही.

उबदार, उजेडाच्या दिवसांत हे साधारण ५–८ दिवसांनी होतं, थंड किंवा ढगाळ दिवसांत १०–१४ दिवसांनी. हे आकडे फक्त बोट कधी घालायचं त्याची आठवण म्हणून ठेवा.

७. नळाचं पाणी चालेल का?

बहुतेक ठिकाणी चालतं. रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलं तर क्लोरीन बरंचसं उडून जातं आणि पाणी खोलीच्या तापमानाला येतं, हा दुसरा फायदा जास्त मोलाचा. पाणी जड असेल तर मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी खार जमते. अशा वेळी पावसाचं किंवा आरओचं पाणी आलटून पालटून वापरा. क्षार बदलून पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं पाणी मात्र नको, त्यात सोडियम असतं.

८. माती कशी बनवायची?

दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा तयार पॉटिंग मिक्स, एक भाग परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे), अर्धा भाग नीट कुजलेलं, चाळलेलं गांडूळखत. कोकोपीट वीट भिजवून वापरत असाल तर आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, काही विटांमध्ये मीठ बरंच असतं. बागेची चिकण माती कुंडीत घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही.

तळाशी विटांचे तुकडे घातले की निचरा सुधारतो, हा समज मुरलेला आहे पण खरा नाही. वरच्या बारीक मातीत पाणी अडूनच राहतं, उलट मुळांची जागा कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

९. कुंडी कधी बदलायची आणि किती मोठी?

भोकातून मुळं डोकावू लागली, किंवा पाणी घातल्याबरोबर सरळ खाली वाहून जायला लागलं की. साधारण वर्ष-दोन वर्षांनी. नवी कुंडी आधीच्यापेक्षा २–३ सेंमीच मोठी घ्या. एकदम मोठी घेतली तर मुळं पोहोचत नाहीत तिथली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि सड तिथून सुरू होते.

झाड वाढीत असताना बदला. मुळांचा गठ्ठा बोटांनी हलका मोकळा करा, खोड आधीइतक्याच खोलीवर ठेवा, मग पाणी द्या आणि आठवडाभर उन्हापासून लांब ठेवा. खालची दोन-तीन पानं गळली तर घाबरू नका. प्लास्टिकची कुंडी ओल धरते, मातीची सोडते. पाणी घालायचा हात सैल असेल तर मातीची घ्या.

१०. तापमान आणि दमटपणा?

१५ ते २७ अंश सेल्सिअस उत्तम. १० अंशांखाली पानांवर काळपट, पाणी मुरल्यासारखे डाग पडतात. एसी किंवा हीटरचा झोत थेट लागू देऊ नका. दमटपणा साधा घरगुती चालतो. पानांवर रोज फवारा मारल्याने खोलीतला दमटपणा जेमतेम काही मिनिटं वाढतो आणि ओल्या पानांवर रोग मात्र वाढू शकतो.

११. खत कोणतं?

संतुलित विद्राव्य खत (१९-१९-१९ किंवा २०-२०-२०), पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं, वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, आधी ओलावलेल्या मातीत. नवीन मातीत गांडूळखत घातलं असेल तर पहिले दोन महिने काहीच नको. झाड कोमेजलेलं असताना खत म्हणजे आजाऱ्याला मेजवानी. काठावर खार दिसली तर कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट साधं पाणी हळूहळू ओतून वाहू द्या.

१२. पानं लोंबताहेत. तहान लागली का?

लागली असेल, किंवा झाड बुडत असेल. दोन्हींत पानं सारखीच लोंबतात, कारण दोन्हींत पानांपर्यंत पाणी पोहोचत नाही: एकात मातीत पाणीच नसतं, दुसऱ्यात ते ओढायला धड मुळं नसतात. म्हणून पान पाहून तांब्या उचलू नका, आधी बोट घाला.

माती कोरडी आणि कुंडी हलकी असेल तर कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवा. कोकोपीट फार सुकलं की वरून घातलेलं पाणी कडेने निसटतं, म्हणून खालून पाजायचं. काही तासांत पानं उभी राहतात.

माती ओली असेल तर झाड कुंडीबाहेर काढा. निरोगी मुळं फिकट आणि टणक असतात, सडलेली तपकिरी-काळी, बुळबुळीत, वास मारणारी. सडलेला भाग निर्जंतुक कात्रीने निरोगी मुळापर्यंत कापा, जुनी माती झटकून टाका, उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्या लहान कुंडीत कोरडसर मिश्रणात लावा आणि दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी द्या. मुळं जवळजवळ उरलीच नसतील आणि खोडाचा बुंधा मऊ लागत असेल तर शेंडा वाचवा (प्रश्न २१).

१३. खालची पानं पिवळी पडताहेत.

महिन्याकाठी एखादं जून पान पिवळं होऊन गळणं नैसर्गिक आहे. एकदम तीन-चार झाली तर जवळजवळ नेहमी पाणी जास्त (प्रश्न १२). नवी पानंही फिकट, शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर क्षार साठणं किंवा लोहाची कमतरता संभवते. आधी साधं पाणी वाहू देऊन मातीतले क्षार धुऊन काढा (प्रश्न ११), मगच खताचा विचार करा.

१४. पानं वाटीसारखी किंवा छत्रीसारखी वळली आहेत.

कोणत्या बाजूला वळलं यावरून कारण सांगणारे तक्ते फिरत असतात. त्यांवर फार भिस्त ठेवू नका. प्रखर उजेड, उष्णता, कोरडी माती आणि सडकी मुळं, चारही गोष्टी पान वळवतात. क्रमाने तपासा: आधी ओल, मग मुळं, मग उन्हाची जागा. अगदी कोवळं पान वळलेलंच येतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सपाट होतं. वळलेलं जून पान सहसा पुन्हा सरळ होत नाही, त्यामुळे सुधारणा झाली की नाही हे नव्या पानांवरूनच ठरवा.

१५. पानाखाली तपकिरी, खरखरीत फोड दिसतात. रोग आहे का?

बहुधा नाही. मुळं पाणी ओढतात आणि पानं तेवढं बाहेर टाकू शकत नाहीत, तेव्हा पेशी फुगून फुटतात आणि जखमेवर बुचासारखी खपली धरते. थंड, ढगाळ दिवसांत ओल्या मातीवर हे होतं. पाणी लांबवा, हवा खेळती ठेवा. हे पसरत नाही, पण खपली जातही नाही. कडाच तेवढ्या तपकिरी, कुरकुरीत असतील तर क्षार (प्रश्न ११) किंवा वारंवार पडलेला पाण्याचा ताण.

१६. पानांच्या मागे पांढरे ठिपके आहेत. कीड?

ओल्या कापडाने पुसा. पुसले गेले आणि पुसताना हलले नाहीत तर ते पानांच्या रंध्रांतून बाहेर आलेल्या पाण्यातले, सुकलेले क्षार. निरुपद्रवी आहेत. कापसासारखे पुंजके देठाच्या बेचक्यात असतील तर पिठ्या ढेकूण. वरच्या बाजूने पीठ भुरभुरल्यासारखं दिसत असेल तर भुरी, म्हणजे बुरशीचा रोग.

एक अपवाद: ‘शुगर’ या जातीच्या पानावर साखर सांडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके जन्मजातच असतात. ते घासत बसलात तर पान फाटेल.

१७. मग किडीवर आणि भुरीवर काय करायचं?

सर्वात आधी झाड वेगळं ठेवा. पिठ्या ढेकूण ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपा, दर पाच-सहा दिवसांनी, तीन-चार वेळा, कारण अंडी पहिल्या फेरीत सुटतात. बारीक जाळी आणि पानांवर निस्तेज टिकल्या म्हणजे कोळी नावाची बारीक कीड: पानांच्या मागच्या बाजूने पाण्याची धार मारा, मग फवारणी.

फवारणीसाठी एक लिटर कोमट पाण्यात आधी १–२ मिली सौम्य द्रव साबण, मग ५ मिली निंबोळी तेल घालून हलवा. संध्याकाळी मारा आणि उरलेलं टाकून द्या. आधी एका पानावर मारून दोन दिवस बघा, पिलियाचं पान तेलाने डागाळू शकतं.

भुरीची पानं काढून टाका, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा. मातीवर उडणारी चिलटं ही ओल्या मातीची तक्रार आहे, वरची ३ सेंमी माती सुकू देणं हाच निम्मा इलाज.

१८. पिल्लं कधी आणि कशी वेगळी करायची?

मातीतून वर आलेलं पिल्लू ५–७ सेंमी उंच आणि चार-पाच पानांचं होऊ द्या. बाजूची माती उकरली की ते आईला एका आडव्या फुटव्याने जोडलेलं दिसतं. अल्कोहोलने पुसलेल्या सुरीने मातीखाली २ सेंमीवर, पिल्लाची स्वतःची मुळं राखून कापा. मुळं असतील तर सरळ ६–७ सेंमीच्या कुंडीत लावा.

मुळं नसतील, किंवा पिल्लू वरच्या खोडावरच फुटलेलं असेल, तर ते खोडालगत कापून फक्त बुडखा पाण्यात राहील असं ठेवा. पानं पाण्यात नकोत. पाणी तीन-चार दिवसांनी बदला. मुळं २–३ सेंमी झाली, म्हणजे साधारण दोन ते चार आठवड्यांनी, मातीत लावा आणि पहिले दहा दिवस माती जरा ओलसरच ठेवा, कारण पाण्यातली मुळं मातीला लगेच सरावत नाहीत. पिल्लं आईजवळच राहू दिली तरी बिघडत नाही, कुंडी भरगच्च दिसते.

१९. नुसत्या पानापासून रोप होतं का? मुळं तर छान आली आहेत.

मुळं येतात, रोप येत नाही. देठाला पाण्यात मुळं फुटतात आणि ते पान महिनोन्महिने तसंच हिरवं राहतं, कारण नवा शेंडा फुटायला डोळा लागतो. तो डोळा देठ आणि खोड यांच्या बेचक्यात असतो. म्हणून पान तोडू नका. धारदार पात्याने देठाबरोबर खोडाची २–३ मिमी जाड कपची काढा. ती दोन तास सुकवून ओलसर परलाइटमध्ये खोचा. चिमुकली पानं दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात.

२०. दोन वर्षं झाली, एकही पिल्लू नाही.

उजेड कमी असणं हे नेहमीचं कारण. दुसरं म्हणजे झाड अजून लहान असणं. तिसरं, मुळं आजारी. कुंडी थोडी घट्ट असली तर पिल्लं लवकर येतात असा अनेकांचा अनुभव आहे, पण उजेडाला पर्याय नाही. अगदी घाई असेल तर शेंडा छाटणं हा खात्रीचा उपाय.

२१. खोड उघडं पडलं, फक्त वरती झुबका उरलाय. छाटलं तर मरेल का?

मुळं निरोगी असतील तर नाही. शेंडा ५–८ सेंमी खोडासकट कापा, खालची दोन पानं काढा आणि पाण्यात किंवा ओलसर परलाइटमध्ये लावा. खाली ५ सेंमी तरी खोड राहू द्या. त्यावरच्या जुन्या देठांच्या खुणांशेजारून काही आठवड्यांत नवे फुटवे येतात.

इथे एकच चूक सगळे करतात: बुंध्याला पूर्वीइतकंच पाणी घालत राहतात. पानं नाहीत म्हणजे पाणी खर्चणारं कोणी नाही. माती जवळजवळ सुकल्यावरच, थोडंसं द्या.

उघडं खोड मातीत खोल गाडून उंची कमी करण्याचा मोह आवरा, जुनं खोड ओल्या मातीत सडू शकतं. न छाटता ठेवायचं असेल तर काठीचा आधार पुरतो.

२२. फुलं येतात का?

येतात, बारीक, फिकट, गुलाबीसर दांड्यांवर. बरेचदा थंड दिवसांनंतर. दिसायला यथातथाच. ठेवा किंवा काढा, फरक पडत नाही.

२३. कायम पाण्यातच वाढवता येईल का?

पिल्लू वर्षभर राहतं, हळूहळू वाढतं. अपारदर्शक भांडं घ्या म्हणजे शेवाळ धरत नाही, पाणी आठवड्याने बदला, महिन्याने विद्राव्य खत मात्रेच्या पाव भाग. मातीत वाढलेलं मोठं झाड मात्र पाण्यात हलवू नका.

२४. मांजर पानं चावते. धोका आहे का?

पिलिया कुत्र्या-मांजरांसाठी विषारी मानला जात नाही. जास्त खाल्लं तर उलटी होऊ शकते. पण प्रश्न १ मधला वेलाचा मनी प्लांट वेगळा: त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्याने तोंडाची आग होते आणि लाळ गळते. घरात दोन्ही असतील तर डॉक्टरांना सांगताना ‘मनी प्लांट’ एवढंच सांगू नका, पानाचा फोटो दाखवा.

२५. तीन आठवडे बाहेरगावी जायचं आहे.

दहा दिवसांपर्यंत फार काही करायला नको. आदल्या दिवशी पोटभर पाणी, निथळून, खिडकीपासून मीटरभर आत. तीन आठवड्यांसाठी सुती दोरीची वात करा: एक टोक मातीत ५ सेंमी खोल, दुसरं शेजारी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याच्या तळाशी. जाण्याआधी चार दिवस वात लावून बघा. माती चिखल होत असेल तर दोरी बारीक घ्या किंवा भांडं खाली ठेवा. बशी भरून ठेवून जाऊ नका. परत आल्यावर पानं लोंबलेली दिसली तर प्रश्न १२ पासून सुरुवात करा.